पिकअपमधला मुक्काम आणि स्वयंपाक: सामानात आधी काय बदलावं, नंतर काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डबल कॅबिन पिकअप घेऊन सह्याद्रीत, कोकणात किंवा थेट हिमाचलपर्यंत जाणारे, हौद्यात (मागच्या मालाच्या भागात) झोपणारे आणि फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या दारावर) स्वयंपाक मांडणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एका गोष्टीत दुसरी अडकलेली आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नुकतीच सुरुवात करतोय. सगळ्यात आधी काय विकत घेऊ?

पहिल्या तीन मुक्कामांपर्यंत जवळजवळ काहीच नाही. घरची गादी, घरचा तीन लिटरचा कुकर, एक परात, पाण्याचा कॅन, ताडपत्री आणि दोरी एवढ्यावर निघा. सोबत एक वही ठेवा आणि रोज सकाळी चार गोष्टी लिहा: रात्री जाग कशामुळे आली, काय संपलं, काय शोधण्यात वेळ गेला आणि काय न वापरता परत आलं. तीन मुक्कामांनंतर वहीत जी ओळ तीनदा आली असेल, ती तुमची पहिली खरेदी. हे पटायला जड जातं, कारण दुकानातली वस्तू डोळ्यांसमोर असते आणि मुक्कामाची अडचण अजून आलेलीच नसते.

२. तरी एक साधारण क्रम सांगाल का?

सांगतो. आधी गाडी धडपणे परत आणणाऱ्या गोष्टी (प्रश्न ३), मग झोप (५ ते ७), मग पाणी (८), मग शेगडी आणि गॅस (९ ते १३), मग सावली-पाऊस (१८), मग उजेड आणि फोन चार्ज होण्यापुरती वीज. फ्रिज आणि मोठी बॅटरी सगळ्यात शेवटी (१४ ते १७).

या क्रमामागे साधं कारण आहे. झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी घाटात गाडी चालवणं धोक्याचं होतं. पाणी संपलं तर उत्तम शेगडीही निरुपयोगी. फ्रिज बंद पडला तर मात्र फार फार तर दूध नासतं. आपल्याकडे प्रवासाची शिदोरी मुळात फ्रिजशिवायच जमवलेली आहे: दुधात भिजवलेल्या दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कुळथाचं पीठ, सुकट, लाडू. एवढ्यावर दोन-तीन दिवस निघतात. तरीही बहुतेकांची पहिली मोठी खरेदी फ्रिजचीच असते आणि मग त्याच्यामागे बॅटरी, चार्जर, तारा, सोलर अशी रांग लागते.

नवी वस्तू घेण्याआधी आणखी एक विचारा: हे फुकटात सुटतं का? ‘थंडी वाजली’ यावर महागडी स्लीपिंग बॅग घेतली जाते, पण थंडी बहुतेक वेळा खालून, पत्र्यातून येते. पाठीखाली घोंगडी किंवा फोमची शीट टाकली की प्रश्न मिटतो.

३. गाडीसाठी नेमकं काय ठेवायचं?

स्टेपनीत हवा आहे ना, हे निघण्याआधी मोजा. इथेच सर्वाधिक लोक फसतात. ट्यूबलेस पंक्चर किट, बॅटरीच्या टोकांना थेट चिमट्याने जोडायचा कॉम्प्रेसर (पिकअपच्या टायरना सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप पुरत नाही, फ्यूज उडतो), जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट जाड फळी, ओढायचा पट्टा, हातमोजे आणि दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. हे अग्निशामक हौद्याच्या तोंडाशी किंवा ड्रायव्हरच्या दाराशी असावं. गॅसच्या मागे ठेवलं तर आग लागल्यावर हात पोचत नाही.

जॅक एकदा घरच्या अंगणात लावून बघा. सामान भरल्यावर गाडी खाली बसते आणि टायर सपाट झाल्यावर आणखी. तेव्हा जॅक खाली शिरत नाही, हे अंगणातच कळलेलं बरं.

४. गाडीवर किती वजन चालतं? पिकअप आहे म्हणजे कितीही चालेल ना?

नाही. मालवाहू म्हणून बनलेली पिकअप आणि हौसेची डबल कॅबिन पिकअप यांच्या वहनक्षमतेत मोठा फरक असतो. गाडीवरच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं, माणसं धरून.

एक नमुना हिशेब बघा. दोन माणसं १४० किलो, ४० लिटर पाणी ४०, भरलेला पाच किलोचा सिलिंडर साधारण १३, फायबरची कॅनोपी (हौद्यावरचं बंद छप्पर) ६०, टपावरचा तंबू ६०, प्लायचं पलंगखोकं ४५, फ्रिज आतल्या सामानासकट २८, लिथियम बॅटरी १२, हत्यारं २५. झाले सव्वाचारशेच्या आसपास, आणि अजून कपडे, भांडी, शिधा चढलेला नाही. सामान भरून एकदा वजनकाट्यावर गाडी उभी करा. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी मोजून घ्या, कारण बहुतेक वेळा एकूण वजन मर्यादेत असतं आणि मागचा अ‍ॅक्सल मात्र जास्त दबलेला असतो.

जड वस्तू हौद्यात पुढे, कॅबिनच्या भिंतीला लागून आणि तळाशी. फाळक्याच्या टोकाला ठेवलेले वीस किलो पुढच्या चाकांवरचं वजन उचलतात आणि उतारावर स्टिअरिंग हलकं लागतं.

५. हौद्यात झोपावं की टपावर तंबू घ्यावा?

डबल कॅबिनचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो. पावणेसहा फुटांचा माणूस त्यात सरळ मावत नाही. मग तीन वाटा: तिरकं झोपणं (एकट्यासाठी), फाळका उघडा ठेवून त्यावर कॅनोपीला जोडलेला कापडी कप्पा लावणं, किंवा टपावर तंबू.

टपावरचा तंबू जमिनीच्या ओलीपासून वाचवतो आणि झटकन उघडतो. पण गाडीचा माथा जड होतो, डिझेल जास्त लागतं, आणि तंबू उघडा असताना साधं गावात दूध आणायलाही गाडी हलवता येत नाही. पावसात ओला मिटला की घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवावाच लागतो, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा मुद्दा आधी सोडवावा. टपाची वजनमर्यादा गाडी चालतानाची वेगळी आणि उभी असतानाची वेगळी असते. कंपनी पुस्तिकेत चालतानाची देते आणि तंबू घेताना तीच पाहायची.

आमचं मत: वर्षातून आठ-दहा रात्रींपेक्षा कमी मुक्काम असतील तर जमिनीवरचा चांगला तंबू घ्या आणि वाचलेले पैसे गादीवर घाला.

६. हौद्यात पलंगखोकं करायचं आहे. प्लाय कोणता आणि किती जाड?

आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. साधा प्लाय एका पावसाळ्यात कडांना फुगतो आणि ड्रॉवर अडकतात. १८ मिमीचा आठ बाय चारचा तक्ता सुमारे ३५ किलोचा असतो, १२ मिमीचा २४ च्या आसपास. वरची फळी १२ मिमीची ठेवून खाली दर ४० सेंटिमीटरवर आडवी पट्टी दिली तर माणूस झोपला तरी वाकत नाही, आणि तक्त्यामागे दहा-अकरा किलो वाचतात.

कापलेली प्रत्येक कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक रंगाने किंवा फेव्हिकॉलच्या पातळ हाताने बंद करा. पाणी तिथूनच शिरतं. खोकं हौद्याला पक्कं करताना पत्रा भोसकू नका. हौद्यात आधीच बसवलेल्या कड्यांना टर्नबकलने (फिरवून ताण वाढवायच्या स्क्रूने) ताणून बांधा. रिकामी मालवाहू पिकअप पाट्यांवर (मागच्या लीफ स्प्रिंगवर) उड्या मारते, त्यामुळे पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे नट-बोल्ट एकदा आवळावे लागतात.

७. सकाळी आतून सगळं ओलं असतं. कॅनोपी गळते का?

बहुतेक वेळा नाही. ते तुमच्या श्वासातलं पाणी आहे. दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त बाष्प बाहेर पडतं आणि थंड पत्र्यावर जमतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन सेंटिमीटर उघड्या ठेवा, मच्छरदाणीची जाळी चिकटवा. एकच खिडकी उघडून हवा फिरत नाही. गादीखाली जाळीचा थर किंवा लाकडी पट्ट्या द्या, नाहीतर गादीची खालची बाजू काळी पडते. खरी गळती शोधायची तर दुपारी कोरड्या गाडीवर पाइपने पाणी मारा आणि एकाला आत टॉर्च घेऊन बसवा.

८. पाणी किती आणि कशात?

पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४-५ लिटर, भांडी आणि हातपाय धुवायला आणखी तेवढंच. उन्हाळ्यात कोकणात यापेक्षा जास्त. २० लिटरचे दोन कॅन एका ४० लिटरच्या टाकीपेक्षा बरे: एक फुटला तरी दुसरा राहतो, आणि भरलेला कॅन उचलता येतो. तोटीचा कॅन फाळक्याच्या उंचीवर आडवा ठेवता आला की भांडी धुताना दोन्ही हात मोकळे राहतात. ही छोटीशी सोय पाण्याचा वापर जवळजवळ निम्म्यावर आणते.

झऱ्याचं किंवा ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी खळखळून एक मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. यूव्ही दिव्याची बाटली गढूळ पाण्यात कामाची नाही. पावसाळ्यात आधी कापडातून गाळा, निवळू द्या, मग ती वापरा.

९. शेगडी कोणती? ब्युटेन कॅनवाली की पाच किलोचा सिलिंडर?

दोन रात्रींच्या मुक्कामाला, दोन माणसांना, आडवा कॅन बसणारी एका बर्नरची शेगडी पुरते. २२०-२३० ग्रॅमचा कॅन पूर्ण आचेवर सव्वा तासाच्या आसपास चालतो. दोन वेळचा चहा, खिचडी आणि पिठलं-भात एवढ्याला दिवसाला साधारण एक कॅन धरा.

चार माणसं किंवा चार दिवसांहून जास्त असतील तर पाच किलोचा सिलिंडर परवडतो. दोन किलोवॉटच्या बर्नरवर तो तीसेक तास जातो. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ आणि इतर तेल कंपन्यांचे असेच सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतात. बाजारात हातगाड्यांवर दिसणारे, डोक्यावर बर्नर बसवलेले, घरगुती टाकीतून भरून दिले जाणारे छोटे सिलिंडर मात्र घेऊ नका. ते भरणं बेकायदा आहे, त्यांची तपासणी झालेली नसते, आणि उंचावर बर्नर असल्याने कुकर ठेवला की कलंडतात.

१०. ब्युटेनच्या शेगडीवर भाकरी करता येते का?

येते, पण तवा बदलावा लागतो. या शेगडीत कॅन बर्नरच्या शेजारच्या कप्प्यात असतो. घरचा २८ सेंटिमीटरचा लोखंडी तवा त्या कप्प्यावर पसरतो, उष्णता खाली परतवतो आणि कॅन तापतो. चांगल्या शेगडीत दाब वाढला की कॅन आपोआप सुटतो आणि ज्योत विझते. लोकांना वाटतं शेगडी बिघडली, आणि ते कॅन परत दाबून बसवतात. तसं कधीही करू नका. तव्याची कड कप्प्याच्या झाकणावर येता कामा नये. २२ सेंटिमीटरचा तवा बसतो, भाकरी थोडी लहान थापायची.

दोन-तीन भाकऱ्यांनंतर कप्प्याच्या झाकणाला हाताची पाठ लावून बघा. हात ठेववत नसेल तर शेगडी बंद करून दहा मिनिटं थांबा. भाकरी फुगवायला तवा उतरवून जाळी ठेवा, थेट बर्नरवर टाकू नका. ज्वारीचं पीठ भोकांत पडून जळतं आणि दुसऱ्या दिवशी ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडतात. परत निघताना जुन्या टूथब्रशने बर्नर झाडून घ्या.

दोन अशा शेगड्या शेजारी शेजारी लावून मोठं पातेलं ठेवणं हाही तोच धोका, दुपटीने.

११. वाऱ्यात ज्योत टिकत नाही. आडोसा लावू का?

लावा, पण तीन बाजूंनीच, आणि कॅनची बाजू उघडी ठेवा. कॅन शेगडीतच असेल तर पूर्ण गोल पत्र्याचा आडोसा कॅनला भट्टीत ठेवल्यासारखं करतो. गाडी वाऱ्याला आडवी लावली की निम्मं काम होतं. फाळक्यावर स्वयंपाक करणार असाल तर कॅबिन वाऱ्याच्या तोंडाला येईल अशी गाडी उभी करा. कॅनोपीचं मागचं झाकण लावून आत शेगडी मात्र पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखतं आणि झोप येते एवढंच. कोळशाची शेगडी ऊब म्हणून आत घेणं त्याहून घातक.

१२. सिलिंडर गाडीत कसा न्यायचा?

उभा, बांधलेला, व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढलेला, टोपी लावलेली, आणि हौद्यात. कॅबिनमध्ये नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला तर तळाशी साचतो. म्हणून बंद कॅनोपीत तळालगत हवा जायला भोकं हवीत. वरची खिडकी याला उपयोगी नाही. वास आला तर आधी फाळका उघडा, मग बाकीचं. दिव्याचं बटणही दाबू नका.

नळी आयएसआय शिक्क्याची नारंगी ‘सुरक्षा’ नळी घ्या आणि तिच्यावरचं वर्ष बघून पाच वर्षांत बदला. घडी पडलेली, भेग दिसणारी त्याआधीच. प्रत्येक जोडणीनंतर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. सिलिंडरच्या कड्यावर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्ष असतं: ‘बी २८’ म्हणजे २०२८ च्या दुसऱ्या तिमाहीपर्यंत तपासणीची मुदत. गॅस किती उरला हे पाहायला सामान मोजायचा लटकता काटा वापरा आणि कड्यावरचं रिकामं वजन वजा करा.

१३. लडाख-स्पितीला निघालोय. हीच शेगडी चालेल का?

इथे क्रम बदलतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला द्रव राहतो, त्यातून वाफच होत नाही. शिवाय गॅस जळताना कॅन स्वतःच थंड होत जातो, त्यामुळे बाहेर पाच-सहा अंश असतानाही निम्म्या कॅनला ज्योत बारीक होते. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचे कॅन आणि त्यांना बसणारी शेगडी घ्या. आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. कॅन रात्री पांघरुणात ठेवा. ज्योतीवर शेकून कॅन ‘जागा करणं’ हा जीवघेणा उपाय आहे.

३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी कचरट राहते. कुकर तिथेही ११४ अंशांच्या घरात जातो. म्हणून हिमालयासाठी पैसे मर्यादित असतील तर नव्या शेगडीइतकंच महत्त्व कुकरच्या नव्या गास्केटला आणि जादा सेफ्टी व्हॉल्व्हला द्या. आणि हे कॅन विमानात नेता येत नाहीत, पुढे गाडी भाड्याने घेणार असाल तर तिथेच विकत घ्यावे लागतील.

१४. बर्फाची पेटी पुरेल की फ्रिजच हवा?

दोन रात्रींपर्यंत चांगली पेटी पुरते, पण ती नीट भरली तरच. आदल्या रात्री पेटी बर्फ घालून थंड करा आणि तो बर्फ सकाळी टाकून द्या. सामानाच्या दुप्पट बर्फ धरा. चुऱ्यापेक्षा लादी जास्त टिकते. घरीच दोन लिटरच्या बाटल्या गोठवून नेल्या तर वितळल्यावर प्यायला होतात. पेयांसाठी वेगळी छोटी पेटी ठेवा, कारण झाकण उघडलं जातं ते गार पाण्यासाठीच.

कोकणात बंदराजवळ बर्फ कारखान्याची लादी सहज मिळते. ती मासे थंड ठेवायला, सरबतात घालायला नाही. मासे तळाशी, खाली-वर बर्फ, आणि वितळलेलं पाणी काढून टाका. त्या पाण्यात मासा बुडाला की लवकर खराब होतो. दूध, मटण आणि मासे पाच अंशांच्या वर गेले की त्यांचा भरवसा धरू नका. पेटीत साधा थर्मामीटर टाकून ठेवा.

फ्रिज कधी घ्यावा? मुक्काम सलग चार दिवसांहून लांबत असेल, लहान मूल असेल, किंवा इन्सुलिनसारखं औषध सोबत असेल तर. औषध असेल तर तो प्रश्न २ च्या क्रमात एकदम वर येतो, आणि त्याच्यासोबत पर्यायी बर्फाची पेटीही ठेवावी लागते.

१५. फ्रिजला किती बॅटरी लागते?

४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या हवेत दिवसाच्या ४० टक्के वेळ चालला तर ४५ × २४ × ०.४ = ४३२ वॉट-तास, म्हणजे साधारण ३६ अ‍ॅम्पिअर-तास. १०० अ‍ॅम्पिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॉट-तास असतात, त्यातले हजार-अकराशे धरले तर दोन-अडीच दिवस. मे महिन्यात बंद गाडीत फ्रिज ७० टक्के वेळही चालतो. तेव्हा दीड दिवसाहून कमी.

गाडीच्या मूळ बॅटरीवर फ्रिज रात्रभर चालवू नका. ती क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनलेली असते. खोलवर उतरवली की प्लेटा खराब होतात. इंजिन बंद करून काही तासांनी १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली गेली की सकाळी सेल्फ लागेलच असं नाही.

१६. बॅटरी भरलेली आहे तरी फ्रिज ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. का?

जवळपास नेहमी तारेमुळे. हौदा बॅटरीपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार झाली. १.५ चौरस मिमीच्या तारेत सहा अ‍ॅम्पिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर १२.४ असताना फ्रिजला ११.७ दिसतात, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याला त्याहून कमी. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत हीच घट ०.२ व्होल्टच्या आत येते. नवी बॅटरी घेण्याआधी ही तार बदला. बॅटरीच्या टोकापासून वीस सेंटिमीटरच्या आत १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज बसवा, आणि पत्र्यातून तार जाते तिथे रबरी बूच घाला. पत्र्याची कड कंपनाने वरचं आवरण कापते, आणि फ्यूज नसेल तर तार पेटते.

१७. सोलर, पॉवर स्टेशन, की चालत्या गाडीवर चार्जिंग? आणि इंडक्शन चालेल का?

रोज दोन तास गाडी चालत असेल तर डीसी-डीसी चार्जर (चालत्या इंजिनाच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा) आधी. २० अ‍ॅम्पिअरचा चार्जर दोन तासांत ४० अ‍ॅम्पिअर-तास देतो, म्हणजे प्रश्न १५ मधल्या फ्रिजचा दिवस भागला. अनेक बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करतो, म्हणून दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा साधा रिले पुरत नाही. एकाच जागी तीन-चार दिवस राहणाऱ्यांनी सोलर घ्यावं: १०० वॉटचं पॅनल हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दिवसाला साडेतीनशे वॉट-तासांच्या आसपास देतं, झाडाच्या सावलीत जवळजवळ काहीच नाही. तुम्हाला सावली हवी आणि पॅनलला ऊन, म्हणून टपावर पक्कं बसवण्यापेक्षा लांब वायरचं घडीचं पॅनल बरं. पावसाळ्यात कुठल्याच पॅनलवर विसंबू नका.

तारांची कटकट नको असेल तर पाचशे वॉट-तासांचं पॉवर स्टेशन (बॅटरी, चार्जर आणि सॉकेट एकाच डब्यात) घ्या, पण उन्हात बंद कॅबिनमध्ये सोडू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, हे हिमालयवाल्यांनी लक्षात ठेवावं.

इंडक्शन: १,५०० वॉटला १२ व्होल्टवरून १३० अ‍ॅम्पिअर ओढले जातात आणि अर्ध्या तासात प्रश्न १५ मधल्या बॅटरीचे दोन-तृतीयांश संपतात. तेच काम शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस करतो. घेऊ नका.

१८. ऑनिंग की ताडपत्री?

ताडपत्री. तीन बाय चार मीटरची १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम) ताडपत्री दीड किलोची असते, टपावरचं ऑनिंग (टपाच्या कडेला बसवलेलं, बाहेर ओढून उघडायचं कापडी छप्पर) दहा-पंधरा किलोचं. ऑनिंग लवकर उघडतं, म्हणून दुपारच्या जेवणाला रोज थांबणाऱ्यांना ते उपयोगी. सह्याद्रीच्या पावसात मात्र त्याच्या मधोमध पाणी साचून दांडी वाकते. ताडपत्रीची एक बाजू हातभर खाली ओढा, पाणी तिकडून पडेल. दोरीला गाठीऐवजी रबराचा तुकडा जोडला तर वाऱ्याच्या झटक्याला कडी फाटत नाही.

१९. या बदलांना आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. पट्ट्याने बांधलेलं, काढता येणारं सामान म्हणजे माल. वेल्डिंग करून वाढवलेला सांगाडा, बदललेली आसनं, उंची-रुंदी वाढवणारी कॅनोपी याबद्दल आधी आरटीओत विचारा. वीजजोडणी आणि कॅनोपी विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी अडतं. चालत्या गाडीच्या हौद्यात माणसं बसवू नका, मग आत गादी असो वा खुर्च्या.

२०. मुक्काम कुठेही करता येतो का? चूल पेटवली तर?

भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत. तिथे परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही आणि आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. तिथे हेडलाइटचा झोतही काजव्यांना त्रासदायक ठरतो. गावाच्या हद्दीत शेतमालकाला किंवा सरपंचांना विचारा, बहुतेक वेळा पाण्याची जागाही तेच दाखवतात. भरतीच्या रेषेत, वाळूवर गाडी नेऊ नका.

चुलीच्या घडीच्या स्टँडवर पैसे घालण्याआधी विचार करा: मार्च ते मे डोंगरउतारावरचं गवत एका ठिणगीने पेटतं, आणि पावसाळ्यात लाकूड ओलं असतं. उरले पाच महिने.

२१. विंचू-सापांसाठी काही खास घ्यावं लागतं का?

नाही. बूट पिशवीत बंद करून ठेवा आणि सकाळी झटकून घाला, लाकडं-दगड उघड्या हाताने उचलू नका, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांच्या संशोधनानंतर प्राझोसिन या औषधाने मृत्यू खूप कमी झाले, पण ते वेळेत आणि डॉक्टरकडूनच मिळायला हवं. १०८ ला फोन करा. मुक्कामाची जागा ठरवताना जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि फोनला रेंज आहे का, हे उजेड असतानाच बघून ठेवा.

२२. सगळं सामान आहे, तरी जेवण मांडायला तास लागतो. आता काय घेऊ?

काही घेऊ नका, काढा. वहीतली (प्रश्न १) चौथी नोंद बघा: तीन मुक्कामांत न वापरलेलं सामान घरी ठेवा. पंक्चर किट, अग्निशामक आणि औषधपेटी याला अपवाद. मग एकाच खोक्यात चहाचं सगळं: पातेलं, गाळणं, साखर, पावडर, लायटर, चार कप, एक कॅन. ते खोकं फाळका उघडताच हाताला लागावं. दुसऱ्या खोक्यात जेवणाचं: कुकर, तवा, परात, उलथनं, सुरी, मिसळणाचा डबा. तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत, कारण पाट्यांच्या हादऱ्यांनी काचेची झाकणं सैल होतात. डब्यांमध्ये पंचे कोंबा, आवाजही थांबतो आणि भांडी पुसायलाही होतात. खोक्याच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवा आणि आवरताना त्या यादीवर बोट ठेवून भरा. उलथनं बहुतेक वेळा गवतातच राहिलेलं असतं.